टवटवी डब्याविरुद्ध माझी तक्रार

१४ जुलै २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
डबा उघडला. आत बुरशी. पांढरट-हिरवी, मांजराच्या पिल्लासारखी लवदार. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे लागेल.

डबा 'टवटवी नॅनो' कंपनीचा. आतून झिंकच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप. जंतू फिरकत नाहीत, पदार्थ तीस दिवस जसाच्या तसा, असं बाहेर मोठ्या अक्षरांत छापलं आहे. मी एक तारखेला भरला. म्हणजे निम्मेही दिवस झाले नाहीत.

आत काय होतं ते महत्त्वाचं नाही. डिंकाचे लाडू होते.

ही उघड फसवणूक आहे. प्रकरण संपूर्णपणे ग्राहकहक्काचं आहे. त्यात भावनेचा संबंध नाही.

तोच दिवस, दुपार
इंग्रजीत तक्रार लिहिली. शाळेत नन्सनी घोटून घेतलेलं अक्षर अजून शाबूत आहे. 'अपरिमित हानी' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. फोटो जोडले. ते धूसर आले. मोबाइल जुना आहे.

१५ जुलै, मंगळवार
क्षितिजचा बंगळुरूहून फोन. कौतुक करील वाटलं होतं. म्हणाला, आई, ते लाडू डिसेंबरचे आहेत. बाबांनी केलेले. सात महिने कोण ठेवतं?

मी म्हटलं, फ्रिज बिघडेपर्यंत उत्तम होते. म्हणूनच तर डबा घेतला.

म्हणाला, मी दुसरे पाठवतो, इथे फार छान मिळतात.

मी फोन ठेवला. पोरगा इंजिनिअर झाला, पण मुद्दा कळत नाही.

१६ जुलै, बुधवार
कंपनीचा मेसेज. रिफंड हवा की रिप्लेसमेंट? मी लिहिलं, रिप्लेसमेंट. तेच लाडू. नोव्हेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर हाडांना बळ म्हणून जन्मात गॅस न पेटवलेल्या माणसाने यूट्यूबवर बघून वळलेले. गोल नकोत. मुठीत दाबलेले, पाची बोटांचे खड्डे उमटलेले. मी त्यांना म्हटलं होतं, हे लाडू आहेत की उकडलेली रताळी?

पाठवण्याआधी बोटांचं वाक्य काढून टाकलं. तक्रारीत नेमकेपणा हवा.

संध्याकाळी
फ्रिजवर चिठ्ठी लावली होती: 'लाडवांना बुरशी. कंपनीला कळवले आहे.' ही या घरची रीत. माझ्या यजमानांचे, लक्ष्मीकांतांचे आजोबा इथे बडोद्यात गायकवाडी दप्तरात होते, तेव्हापासूनची. घरातली सूचना, तक्रार, भांडणसुद्धा कागदावर. ज्याच्यासाठी असेल त्याने दिवेलागणीच्या आत खाली लिहायचं, 'पाहिले', आणि आद्याक्षर. चाळीस वर्षांत लक्ष्मीकांतांनी एकही चिठ्ठी तशीच ठेवली नाही. अबोला असला तरी 'पाहिले. ल.'

सात वाजता बघितलं, खाली काही नाही. इतकी चिडले की हाक मारायला तोंड उघडलं.

जानेवारीपासून मी सावध आहे. पण सवय असते.

१८ जुलै, शुक्रवार
कंपनीने माणूस पाठवला. माणूस म्हणजे उत्कर्षा, वय फार तर सव्वीस, अ‍ॅक्टिव्हावरून मकरपुऱ्याहून निजामपुऱ्यापर्यंत भिजत आली. मराठी मुलगी, पण प्रत्येक वाक्याला गुजराती 'ने'. चहा ठेवला. शत्रूला चहा द्यायला हरकत नाही.

तिने ग्लव्ह्ज घातले, डबा उघडला आणि विचारलं, आँटी, हा बटरपेपर कोणी घातला?

मी म्हटलं, मी. गोडाधोडाला डबा लागू द्यायचा नाही, ही माझ्या आईची शिस्त.

ती म्हणाली, पण आँटी, लागायलाच पाहिजे ने! हे कण हवेत उडत नाहीत, जिथे पदार्थ टेकतो तिथेच काम करतात. तुम्ही मध्ये कागद घातला. ते बिचारे बाहेर बसून राहिले.

मी म्हटलं, तशी सूचना असायला हवी. तिने झाकण उलटं केलं. सूचना होती. झाकणाच्या आत, तीन भाषांत. तिच्यावरही मी बटरपेपर लावला होता.

मग म्हणाली, तसंही आँटी, हा डबा खराब व्हायला उशीर लावतो. थांबवत नाही. थांबवणारं काही आम्ही बनवत नाही.

निदान खोटं तरी बोलली नाही. जाताना म्हणाली, सगळे फेकून द्या, एकही खाऊ नका, प्रॉमिस? मी प्रॉमिस दिलं. पाया पडली. जिन्यात तिने नाक ओढल्याचा आवाज आला. पावसाने असेल.

१९ जुलै, शनिवार
तक्रार मागे घेणार नाही. डबा मोहात पाडतो, हा दोष डब्याचाच.

एक खुलासा, फक्त नोंदीसाठी. आईची शिस्त खरी. पण तो कागद मी कापलेला नव्हता. लक्ष्मीकांतांनी स्टीलच्या डब्यासाठी कापला होता, माझ्या शिवणाच्या कात्रीने, वाटी ठेवून गोल आखून. कात्री बोथट केली म्हणून मी बोलले होते. लाडू नव्या डब्यात हलवताना कागद टाकवला नाही. एवढंच.

२१ जुलै, सोमवार
आज कचऱ्याच्या गाडीत टाकायचं ठरलं होतं. गाडी आली, गाणं वाजवून गेली. मी आंघोळीत होते. म्हणजे जाणारच होते.

२२ जुलै, मंगळवार. सकाळी
टाकले. कागदासकट. गाडीवाल्याने पिशवी फेकली, तेव्हा मी म्हटलं, हळू. तो म्हणाला, बा, कचरो छे. बरोबर आहे त्याचं.

तोच दिवस, संध्याकाळी ६.४०
सगळे नाही टाकले. कोपऱ्यात कागद तोकडा पडला होता, तिथे एक लाडू थेट डब्याला टेकलेला. त्याला काही झालेलं नाही. अंगठ्याचा खड्डा स्वच्छ आहे. माझा अंगठा घालून पाहिला. खड्डा मोठा पडतो.

म्हणजे डबा काम करतो. कंपनीला तसं कळवलं. तक्रार मागे.

डबा पुसून लाडू आत ठेवला आहे. कागद न घालता. खाणार नाही, प्रॉमिस दिलं आहे. आजपासून तीस दिवस.

फ्रिजवर नवी चिठ्ठी लावली आहे. तिची नक्कल इथे ठेवते:

श्री. लक्ष्मीकांत यांस,
आपण दि. १९ जानेवारी रोजी पहाटे, कोणतीही पूर्वसूचना न देता निघून गेलात. मी शेजारच्या खोलीत होते. घोरण्यावरून भांडण झालं म्हणून त्या खोलीत झोपले होते, आणि त्याबद्दल संध्याकाळी लावलेल्या चिठ्ठीवर तुम्ही 'पाहिले' लिहिलं होतं. त्यानंतरच्या माझ्या एकाही चिठ्ठीला उत्तर नाही. हे आपल्या घरच्या रीतीला सोडून आहे. लाडू उत्तम झाले होते, हे सांगायचं राहिलं, ते या पत्राने कळवत आहे.

डब्याची मुदत २१ ऑगस्टला संपते. त्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. लांबलचक नको. 'पाहिले' चालेल.