अक्का, पातेलं मी खाली काढलं

प्रिय अक्का,

आईचे गुडघे कसे आहेत? तिथं पायऱ्या नसाव्यात, म्हणजे झालं. बाबांचा खोकला थांबला का? आणि तू गं? तिथं तरी पोटभर जेवतेस ना? की तिथंही आपलं ताट दुसऱ्याकडे सरकवतेस?

मी धडधाकट आहे. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला, तेव्हापासून तंबाखू बंद. रोज दोन्ही वेळा मूठभर तांदूळ गरिबांच्या डब्यात पडतात. शुक्रवारची देवळातली क्रूसाच्या वाटेची प्रार्थना एकदाही चुकवली नाही. पण एक गोष्ट मी तुझ्याविरुद्ध केली आहे. शेजारच्या डोमनिकाबाईची तक्रार तुझ्यापर्यंत पोचायच्या आत मीच सांगतो, म्हणून हे पत्र.

दर वर्षी राखेच्या बुधवारी तू मटणाचं पातेलं घासून फळीवर पालथं घालायचीस. ईस्टरपर्यंत त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ते मी काल, शुक्रवारी, भरदिवसा, खाली काढलं आणि त्यात कोंबडी शिजवली!

ओरडू नकोस. आधी ऐक.

तुझी धर्मकन्या तेरेजा अंथरुणाला खिळली आहे. छातीचंच दुखणं, तुझ्यासारखं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेल, पण अंगात ताकद हवी. अंडं द्या, कोंबडीचं सूप द्या. आणि ही बया उपवासकाळ पाळतेय! फादर स्वतः घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला उपास नाही. तरी तोंड उघडेना.

मला म्हणते कशी, "अण्णा, सिसिलियाअक्कानं शेवटपर्यंत घेतलं नाही. तुम्हीच सांगत होता ना?"

अक्का, तिथं माझी मान खाली गेली. खरंच, मीच सांगत होतो. गेल्या उपवासकाळात मी तुझ्यासाठी सूप केलं, तू ओठ मिटून घेतलेस, आणि मी मुकाट्यानं वाटी परत नेली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तू गेलीस. मग आल्यागेल्या प्रत्येकाला मी छाती फुगवून सांगितलं, "माझ्या अक्कानं थेंब घेतला नाही!" बायका म्हणाल्या, संतिणीचं मरण. मला ते किती गोड लागलं होतं!

वाटी तेव्हा परत का नेली मी? दोन शिव्या घालून पाजली का नाही? आणि तूही का गं एवढी हट्टी? देवानं कधी तुझ्याकडे तुझी फुप्फुसं मागितली होती?

तर मी पातेलं घेऊन निघालो. झाकलंसुद्धा नाही. डोमनिकाबाई तेरेजाच्या फाटकात उभीच होती.

"पास्कूअण्णा, शुक्रवारी कोंबडीचा वास? अक्का वरून बघत असेल हो!"

"बघू दे. भूक लागली असेल तर खाली येईल."

तेरेजानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी पलंगाशी बसलो आणि वर्षभर जे बोललो नव्हतो ते बोललो. "पोरी, अक्काचं चुकलं. तिच्याहून जास्त माझं चुकलं. ती गोष्ट आता मी कुणाला सांगणार नाही. थोडं घे. दोन चमचे."

ती वळली. एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"अण्णा, यात मीठच नाही!"

"शुक्रवार आहे बाई. मी चाखू कसा?"

अक्का, ती हसली! खोकत खोकत हसली, आपल्या आईकडून मीठ मागून घेतलं आणि वाटी रिकामी केली. माझे डोळे पुसायला मी अंगणात गेलो, तर डोमनिकाबाई अजून फाटकातच. म्हटलं, "बाई, उद्याची अंडी तुम्ही आणा. तेही दानच." आज सकाळी चार अंडी पदराखाली झाकून आणून दिलीन.

आता माझा शब्द ऐक. माझा उपास मी मोडणार नाही, चाखणारही नाही, मीठ अंदाजानंच घालीन. पण तेरेजा स्वतःच्या पायांनी देवळात ईस्टरच्या मिस्साला येईपर्यंत तुझं पातेलं पालथं पडणार नाही. तुला राग आला तर येऊ दे. या खेपेला मी वाटी परत नेणार नाही.

उत्तर लवकर धाड. चार शिव्या घातल्यास तरी चालेल, पण आधी लिही, आज काय जेवलीस?

तुझा धाकटा,
पास्कू