शंभर होईपर्यंत दार बंद

आत्याबाई, परवा माझी नात नागरिकशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं घोकत बसली होती. हुकूमशहा म्हणजे काय, तर सगळं एकटा ठरवतो, का ठरवलं ते कुणाला सांगत नाही, उलट बोललेलं खपवून घेत नाही, आणि हाताखालच्यांना एकमेकांपासून तोडून ठेवतो. मी लसूण सोलत होते. म्हटलं, "अगं, हे तर माझ्या सासूचं लिहिलंय." पोरगी हसून लोळली. मग विचारते, "आजी, मग तू बंड का नाही केलंस?" मी लसूण तिच्याकडं सरकवला आणि तिचीच वही ओढून तुम्हाला, त्याच सासूला, लिहायला बसले. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, काना-मात्रा चुकणारच. तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं!

मखमलाबादच्या मळ्यात तुमचं राज्य होतं. मेथी कधी उपटायची, झेंडू कोणत्या दिवशी बाजारात न्यायचा, तीन लेकांपैकी कुणी केस कापायचे, सगळा हुकूम तुमचा. तीन सुना आणि एक चूल. कोठीची किल्ली कमरेला, ती अंघोळीलासुद्धा सुटत नव्हती. सकाळी उठून म्हणायचात, "मधले, लुगडं बदल, निफाडला जायचंय." कशाला, कुणाकडं, एसटीत बसल्यावरही सांगायचं नाही. मी खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत बसायची. एकदा तर माझ्याच लेकीला स्थळ बघायला आलोय, हे मला त्या लोकांच्या ओट्यावर पाय धुताना कळलं. मी तुमच्याकडं बघितलं तर म्हणता कशा, "आधी सांगितलं असतं तर रातभर वळवळली असतीस. आता तोंड पूस नि हस." हसले मी. स्थळ चांगलं निघालं, हा तुमचा आणखी एक गुन्हा. तुम्हाला नावं ठेवायलाही जागा ठेवली नाही तुम्ही.

आणि आणखी एक दिवस आठवतो. मी वाफ्यात कोथिंबीर खुडतेय, तुम्ही बांधावरून हाक मारता, "ऊठ. येवल्याला जाऊन ये. आईला भेटायचं म्हणत होतीस ना." मला वाटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला. हातात भाकरीचं फडकं दिलंत, वर चार मोसंबी. मी खुशीत गेले, एसटीत शेजारणीशी गप्पा मारत गेले. घरी पोचले तर आई शेवटचे श्वास घेत होती. माझा हात धरला तिनं, ओळखलं मला. निरोप सकाळीच मळ्यात आला होता, तो तुम्ही गिळला होता. परत आल्यावर मी भांडायच्या तयारीत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोसंबी खाल्ली का तिनं?" एक फोड खाल्ली होती. मग मला भांडता आलं नाही. नातीला हे सांगायला हवं होतं बहुतेक.

पण तुमचं खरं राजकारण होतं ते मसाल्याचं. वर्षाचा काळा मसाला चैत्र-वैशाखात व्हायचा आणि अख्ख्या आळीत आपल्या आमटीचा वास ओळखू यायचा. कशात काय किती, ते तुमच्या पोटात. मी एकदा कढईत डोकावले तर गरम उलथनं मनगटावर बसलं. डाग अजून आहे. जायच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही तिघींना एकेक करून कोठीत बोलावलंत, बाकीच्या दोघींना मळ्यात पिटाळून. मोठीला मिरची शिकवली, कोणत्या दोन जातीची, किती आणि किती उन्हं. मला खडा मसाला, काय आधी तळायचं, काय रंग पालटायच्या आत काढायचं. आणि धाकटीला शेवटचं काम. डंकावरून कुटून आणलेला मसाला परातीत ओतला की बाकीच्यांनी बाहेर जायचं, दार लावायचं, आणि त्यात जे घालायचं ते धाकटी घालणार. तिघींकडून शपथ घेतलीत, एकीचं दुसरीला कळता कामा नये. सगळे म्हणाले, म्हातारी जाता जाता भांडणं लावून गेली. मीही म्हटलं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही गेलात आणि दोन वर्षांत शहर मळ्यात आलं. रस्ता निघाला, प्लॉट पडले, तिघं भाऊ तीन दिशेला बंगले बांधून राहिले. वाटणीच्या वेळी विहिरीकडच्या तुकड्यावरून धाकटी काय काय बोलली ते तुमच्या कानावर गेलं नाही, सुटलात. वाटणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात धाकटीला वगळून दोघींनीच मसाला करायचा, असं घाटत होतं. मग ते बारगळलं आणि तिला निरोप गेला. आली ती. मान खाली घालून, स्वतःची परात घेऊन. तेव्हापासून दर वर्षी तिघी माझ्याकडे जमतो. पहिली दोन वर्षं मसाल्यापुरतंच बोलायचो. तिसऱ्या वर्षी मोठी म्हणाली, "आलोच आहोत तर जेवूनच जाऊ." आता पोरंबाळं धरून बावीस पानं उठतात.

एका वर्षी काय झालं, धाकटी दार लावून आत, मोठी नि मी ओट्यावर. चाळण आतच राहिली म्हणून मी विसरून दार ढकललं. बघते तर धाकटी पाटावर बसलेली, समोर परात, दोन्ही हात मांडीवर. रिकामे. ओठ हलतायत. मला वाटलं मंत्र म्हणतेय. कान दिला तर, "सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर..."

मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, तेवढे शंभर होऊ द्या," म्हणाली. "आत्याबाईंनी मला एवढंच सांगितलं. दार लाव, शंभर मोज, दार उघड. घालायचं काही नाही."

"काहीच नाही?"

"नाय ओ. मी विचारलं, तर म्हणाल्या, तुला कुठं काय जमतंय, भाताची पेज करतीस. पण हे कुणाला सांगू नकोस, म्हणजे तुझ्यावाचून सगळ्यांचं अडत राहील." मग डोळे पुसत म्हणाली, "तुम्हालाच कळलं ते बरं झालं, बाई. मोठ्या आक्का मला वगळायला निघाल्या होत्या, तेव्हा तुम्हीच धरून ठेवलंत."

मी चाळण घेतली. दार ओढून घेतलं. बाहेर मोठी म्हणाली, "काय गं, झालं का तिचं?"

"नाही अजून," म्हटलं. "लय बारीक काम आहे ते."

तेव्हा मला तुमचा सगळा कावा कळला. मिरची नि खडा मसाला खरा. तिसरं कुलूप, रिकाम्या पेटीला लावलेलं. म्हणजे जी सगळ्यात कच्ची तिला कुणी टाकून देऊ नये. आणि कुणी म्हणजे कोण, तेही तुम्हाला ठाऊक होतं. मला पुरतं ओळखून होता तुम्ही.

कारण आत्याबाई, धाकटीला वगळायचं मोठीनं नव्हतं काढलं. मी काढलं होतं. मोठी तर म्हणाली, "नको बाई, ते शेवटचं राहिलं तर वर्षभर काय खायचं? आणि आत्याबाई वरून बघतायत." निरोप तिनंच धाडला. मी मागाहून धाकटीला सगळं उलटं सांगितलं, आणि इतकी वर्षं तिच्याकडून पहिला आंबा, पहिला चहा माझ्याकडे येतो. मोठीला कधी कळलंच नाही की धाकटी तिच्याशी तुटक का.

हे पान फाडून घेते. नातीच्या हाती लागलं तर संध्याकाळपर्यंत तिन्ही घरी वाचून होईल, आणि तुमच्या पत्त्यावर तर काही जात नाही. पुढच्या आठवड्यात मिरची येतेय. धाकटी आत गेली की ओट्यावर मोठी नि मी दोघीच असतो. तेव्हा तिला सांगीन म्हणते. शंभर होईपर्यंत वेळ असतो. गेल्या वर्षीही होता.