बिच्छूपाल्याने भागलं नाही

प्रिय ओनोरे,

तुझा फोन मी तीन दिवस उचललेला नाही आणि त्याबद्दल माफीही मागणार नाही. उचलला की तू दवाखान्याच्या पलंगावरून पुन्हा तेच सांगणार : "झेली, कोंबड्यांना बिच्छूपाला घाल. लसूणघास घाल. पाण्यात ओरेगॅनोचा काढा घाल." घातलं रे, सगळं घातलं! हातमोजे असूनही त्या पाल्याने माझे हात कोपरापर्यंत भाजले. काढ्याचा वास अंगाला असा चिकटलाय की पाववाली विचारते, "खोकला बरा नाही का अजून?"

तीस वर्षं तू याच पाल्यावर कोंबड्या पोसल्यास. बलक केशरी, कवच टणक, सगळं कबूल. पण तेव्हा गिरणीतून सूर्यफुलाची पेंडही यायची. यंदा उन्हाने सूर्यफूल करपलं, सेंद्रिय पेंड कुठेच मिळेना. तू म्हणालास, "पाला वाढव, निभेल." वाढवला. पंधरा दिवसांत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. तू म्हणालास, "कंटाळल्यात, गवताचे भारे टांग." टांगले. मग शेपटीपाशी रक्त दिसू लागलं, आणि रक्त दिसलं की कोंबडी थांबत नाही, हे तूच मला लहानपणी शिकवलंस. सकाळी मी खुराड्याचं दार उघडायची. कधी दोन, कधी चार पडलेल्या असायच्या, मागून पोखरलेल्या. आणि तुझं आपलं, "पाला सावकाश लागू पडतो."

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरीण वाशरोबाईंना बोलावलं. त्यांनी एक कोंबडी काखेत धरून चाचपली. म्हणाल्या, "पाला उत्तम आहे. पोट साफ, जंत नाहीत. पण पाला म्हणजे पेंड नव्हे. पिसं धरायला जे लागतं ते यात पुरेसं नाही." कारखान्यात बनवलेली मेथिओनिनची पूड दिली तर टोचाटोची थांबेल, पण मग अंड्यांना सेंद्रिय म्हणता येणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. "भावाला विचारून घ्या," म्हणाल्या.

मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी पूड आणली आणि तपासणी कचेरीला स्वतःच कळवलं. शनिवारच्या बाजारात अंडी नुसती अंडी म्हणून मांडली. म्हाताऱ्या गोन्त्राँने टोपली हातात घेतली, खाली ठेवली आणि म्हणाला, "ओनोरे असता तर असं झालं नसतं." खरंय. तू असतास तर कोंबड्या सगळ्या मेल्या असत्या!

दोनशे चाळिसांतल्या एकशे एकोणऐंशी उरल्या. आता त्यांच्या पाठीवर सुयांसारखी नवी पिसं फुटताहेत. पाला मी बंद केलेला नाही, कारण तो त्यांना आवडतो. वसंतात पेंड मिळेल, असं गिरणीवाला म्हणतो. मिळाली की सेंद्रियच्या शिक्क्यासाठी पुन्हा अर्ज करीन.

सोमवारी मी तुला घरी न्यायला येतेय. फाटकावरच्या पाटीवर तू स्वतः रंगवलेला 'सेंद्रिय' हा शब्द मी पांढऱ्या रंगाने झाकलाय. गाडीतून उतरता उतरता तुला तो तिथे नाही असं कळू नये, म्हणून हे पत्र. ओरडायचं तेवढं ओरड. पण आधी कुबड्या घेऊन माझ्याबरोबर खुराड्यापर्यंत चल आणि त्या जिवंत आहेत ते बघ.

तुझीच, तुझं न ऐकलेली,
झेली