कोरडं बाथरूम

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बाथरूमच्या जाळीतून आज जे निघालं त्याला कुठल्याही भाषेत नाव नाही. केस, साबणाचा लगदा, उटण्याची पेंड आणि टूथपेस्टचं एक झाकण. शी! शेखरला बोलावून दाखवलं. म्हणाला, दिवाळीच्या अंघोळी झाल्यात, असायचंच. या माणसाचं "असायचंच" मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

निश्चय: बाथरूम लावायचं. एका आठवड्यात. चार बाय सहा फुटांची तर जागा. मी सरकारी ऑफिसची रेकॉर्ड रूम लावलेली बाई आहे, तिथे उंदीरसुद्धा माझ्या परवानगीने यायचे.

दुपार

देवरामभाऊजींचा फोन. हर्षलसाठी त्यांनी आणलेल्या स्थळाकडची मंडळी दोन तारखेला, रविवारी, घर बघायला येणार. मुलगी सृष्टी, फिजिओथेरपिस्ट. गाव वणीजवळ, द्राक्षबागा. हर्षलला चौतिसावं लागलंय. कॉलेज रोडला दोनदा कॉफी पिऊन आलेत दोघं, तेव्हापासून हा अंघोळ करताना गातो. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मला हीच मुलगी हवी आहे. प्लीज, या वेळी काही बोलू नकोस."

मी कधी काय बोलते? मागच्या मुलीच्या आईला मी फक्त नखं कापायला सांगितलं होतं.

२५ ऑक्टोबर

लोक पाहुणे येणार म्हटलं की सोफ्याची कव्हरं बदलतात. मूर्ख. गावाकडचा माणूस घरात शिरला की आधी पाय धुतो. म्हणजे पहिली खोली हॉल नव्हे, बाथरूम. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात येणार?

सगळं सामान गॅलरीत काढलं. किळस आली. शेखरचे तीन टूथब्रश, तिन्ही चालू, त्यातला एक मिशीच्या डायचा. कुठला ते त्यालाही सांगता येईना. हर्षलच्या शाम्पूच्या बाटल्या, सगळ्यांच्या तळाशी एक बोट शाम्पू आणि वर पाणी. उरलेल्या दोन टोपल्या माझ्या, पण ते राखीव सामान आहे. उटी, महाबळेश्वर, कन्याकुमारीच्या हॉटेलांतले साबण, कधी लागतील सांगता येत नाही. शिवाय जुन्या साड्यांचे तुकडे, एक लूफा, बंद पडलेला हेअर ड्रायर.

निष्कर्ष: या दोघांचं सामान कमी करायला हवं.

२७ ऑक्टोबर

भिंतीला चिकटणारा रॅक आला. ड्रिलिंग नको, दहा किलो वजन पेलतो, असं लिहिलेलं. लावला. माझ्या टोपल्या त्यात ठेवल्या. दिसायला परदेशासारखं.

संध्याकाळी पडला. शेखर आत होता. टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला, पायावर पडला. मी धावत जाऊन टाइल बघितली. टाइल ठीक आहे, देवाची कृपा. बादलीला मात्र चीर गेली. बादल्याही आता पूर्वीसारख्या करत नाहीत.

शेखर लंगडतोय. पाहुण्यांसमोर लंगडू नकोस, असं सांगितलं आहे.

२९ ऑक्टोबर

घाण सामानाची नसते, माणसांची असते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना वॉशबेसिनच्या वर पाट्या लावायच्या आणि आम्ही घाबरून वागायचो. म्हणून पाट्या केल्या. लॅमिनेट करून आणल्या.

एक: केस सोडून जाऊ नयेत. सोबत न्यावेत.

दोन: साबण वापरल्यावर पुसून ठेवावा.

तीन: दहा मिनिटांनंतर दार वाजवण्यात येईल.

अशा आणखीही काही. हर्षलने उभ्या उभ्या सगळ्या वाचल्या आणि म्हणाला, "आई, हे काढ. सृष्टीने वाचलं तर?" मी म्हटलं, वाचायलाच हवं. मुलीला कळू दे कुठल्या घरात येतेय. तो टॉवेल घेऊन आत गेला. आज गाणं नव्हतं. सर्दी असेल.

३१ ऑक्टोबर

दिवाळी संपली तरी हा अवकाळी पाऊस जात नाही. सगळीकडे कुबट वास. बाथरूमच्या फरशीवर सतत पाणी. ओल्या फरशीवर पाय पडला की मला ओकारी येते.

आणि मग लक्षात आलं, इतके दिवस मी चुकीच्या दिशेने जात होते. सामान वगैरे सगळं दुय्यम. सुसंस्कृत घराची खूण म्हणजे कोरडं बाथरूम. उद्या दुपारपासून पाहुण्यांनी बघेपर्यंत आत कोणीही पाणी सांडायचं नाही.

शेखरने विचारलं, मग अंघोळ? प्रश्न विचारायचे असतील तर नोकरीत असताना विचारायचे होते, तेव्हा प्रमोशन तरी मिळालं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ

फरशी पुसली. टेबल फॅन लावून वाळवली. माझं राखीव सामान शेखरच्या कपाटात, त्याचे कपडे पलंगाखाली. डांबराच्या गोळ्या चार कोपऱ्यांत. दारात उभी राहून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. गोळ्या जरा जास्त झाल्या असाव्यात.

उद्या सकाळच्या अंघोळींची सोय समोरच्या फ्लॅटमध्ये, नूरबानोकडे. विचारायला गेले तर म्हणाली, "पाठवा की दोघांना, ताई, गिझर लावून ठेवते. पण तुमच्या बाथरूमला झालंय काय?" काही झालेलं नाही, ते तयार आहे, असं सांगितलं. ओढणीत तोंड घालून हसली. तिच्या बाथरूममध्ये दोन बादल्या, एक स्टूल आणि खुंटीवर ओला टॉवेल. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मी स्वतः ओल्या फडक्याने अंग पुसणार आहे. हॉस्पिटलात असंच करतात.

२ नोव्हेंबर, रविवार, रात्री

उत्तम झालं. सविस्तर लिहिते.

अकराला आले. सृष्टी, तिचे आईवडील आणि आजी, लंकाबाई. म्हातारीने निघताना पावसाने बागेचं काय केलं ते बघून घेतलं होतं म्हणे. ती बाग घोट्यापर्यंत तिच्या पायांवर होती. चपला दारात काढल्या तर चपलांपेक्षा पाय काळे. म्हणाली, "बाई, आधी पाय धुवायला पाणी दे."

आता विचार करा. म्हातारी आधी आत गेली असती तर मुलीच्या आईने बघायचं काय? चिखल? मी एका क्षणात निर्णय घेतला. म्हटलं, आजी, समोर पाणी तयार आहे, आणि त्यांना हाताला धरून नूरबानोच्या दारात पोचवलं.

परत आले. हर्षलचा चेहरा बाथरूमच्या शेवाळी टाइलसारखा झाला होता. मुलीचे वडील पंख्याकडे बघत होते. मी ताबडतोब मायलेकींना बाथरूम दाखवायला नेलं.

दोघी दारातच थांबल्या. आई म्हणाली, "ताई, इथं अंघोळ करत नाहीत का?" मी म्हटलं, करतात, पण दिसत नाही, हेच तर. सृष्टीने सगळ्या पाट्या वाचल्या, सावकाश, एकही न सोडता. वाचनाची आवड दिसते. मग विचारलं, "काकू, तिसरी सूचना कोणासाठी आहे?" मी म्हटलं, सर्वांसाठी, आपल्याकडे भेदभाव नाही.

लंकाबाई अर्ध्या तासाने उगवली. चहा पिऊन, डोक्याला तेल लावून घेऊन. नूरबानो तिला धरून आणत होती. दारातूनच सांगायला लागली, "बसायला पाट दिला, ऊन पाणी दिलं. लय मायाळू बाई हाय. हिला पोरगा हाय का गं?"

नूरबानो म्हणाली, "आहे की आजी. पण त्याला बायको आहे, दोन पोरं आहेत."

"मग ऱ्हायलं," लंकाबाई म्हणाली. सगळे हसले. शेखरसुद्धा, लंगडत.

पोहे कोणी संपवले नाहीत. डांबराच्या गोळ्यांचा वास हॉलपर्यंत येत होता हे शेखरचं मत. त्याचं नाक कधीच धड नव्हतं.

४ नोव्हेंबर

फोन नाही. मोठी माणसं वेळ घेतात.

हर्षल अजूनही समोरच अंघोळीला जातो. बाथरूमचा मान ठेवतोय. माझ्याशी बोलत मात्र नाही. विचारलं तर म्हणतो, "काय बोलू, आई?" जेवणही अर्धं टाकलं. शेखर म्हणाला, पोराचं लग्न मोडलं तर तुझ्या त्या पाट्यांशी बोलत बस. असं तोंडावर बोलायची हिंमत याला आली कुठून?

७ नोव्हेंबर, सकाळ

होकार! देवरामभाऊजींचा फोन. मुलगी हो म्हणाली. मी शेखरला म्हटलं, बाथरूमने काम केलं की नाही? त्याने चष्मा पुसला. हर्षल नूरबानोकडून ओल्या केसांनी आला, ऐकलं, आणि तसाच परत तिला सांगायला पळाला. आईला नंतर मिठी. फरशीभर थेंब. आज सोडून दिलं.

दुपार

भाऊजींनी पुन्हा फोन केला. एक अट सकाळी सांगायची राहिली म्हणे. राहिली नव्हती, धीर झाला नव्हता. लग्नानंतर वेगळं राहायचं. अट लंकाबाईची. भाऊजींनी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, काय गरज होती कोण जाणे: "जिथं पाहुण्याला पाय धुवायला शेजारी पाठवता, तिथं माझी नात न्हाईल कुठं?"

अडाणीपणा. मी हर्षलला सांगितलं, आपण असल्या अटी मान्य करत नाही. तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, मी हो म्हणून आलोय."

८ नोव्हेंबर

पाट्या मीच काढल्या. गोंदाचे डाग राहिले. घाणेरडे दिसतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्नाच्या गडबडीत लिहिणं राहिलं. आज पहिल्यांदा मुलाच्या घरी गेलो, पाथर्डी फाट्याला, भाड्याचा फ्लॅट. सृष्टीने घर दाखवलं. बाथरूम मी हात धुवायला म्हणून बघितलं.

भयंकर. एका टॉवेलवर दुसरा टॉवेल. दोन ब्रश एकाच ग्लासात, तोंडाला तोंड लावून. साबण पाण्यात. टाइलला एक लांब केस चिकटलेला, हर्षलचा नक्कीच नव्हे. फरशी ओलीचिंब. दाराच्या फटीतून हर्षलची पावलं दिसत होती. नळ चालू ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले.

बाहेर येऊन म्हटलं, छान आहे.

हर्षलने श्वास सोडला. मला ऐकू आला. सृष्टी हसली आणि तिने चहा आणला. चहात साखर फार होती. कप संपवला.