बिस्किटांच्या डब्यातल्या डिस्क

प्रिय ताई,

घरी सगळे बरे आहेत, हे आधीच सांगतो, म्हणजे पाकीट बघून तू घाबरायला नकोस. आईचा गुडघा कुरकुरतो, बाबा स्वतः कुरकुरतात, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. फोनवर माझं त-त-प-प होतं, आणि बाबा दारात आले की आई 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून देते, म्हणून पत्र. दोनदा उतरवून काढलंय. तुझ्या लाल पेनाची धास्ती अजून गेलेली नाही.

आधी एक विचारायचंय. इथून जाताना नेलेला तुझा जुना कॉम्प्युटर अजून आहे का? असेल तर त्याला हात लावू नकोस. उघडू नकोस, साफ करू नकोस, कोणी 'दुरुस्त करून देतो' म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लाव. का, ते सांगतो.

आपलं भरतकामाचं मशीन आता फ्लॉपीवर चालणार नाही. फ्लॉपी मिळतातच कुठे? बाबा भंगारवाल्याकडून मागून आणायचे, त्यातल्या निम्म्या बुरशीने खाल्लेल्या. शेवटी तिच्या जागी पेन ड्राइव्ह लावायची पेटी बसवायचं ठरलं, आणि त्याआधी कपाटातल्या सगळ्या फ्लॉपींवरची डिझाइनं उतरवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तू दोन दिवसांत उरकलं असतंस. मी एकेक फ्लॉपी दोनदा उतरवली आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. टेबलक्लॉथ, पडदे, शाळांचे बिल्ले, बाबांचं सगळं आयुष्य माझ्या अंगठ्याएवढ्या वस्तूत मावलं आणि वर जागाही उरली. मला आनंद व्हायला हवा होता, पण भीतीच वाटली. खिशातून पडलं तर? म्हणून तशा तीन केल्या: एक दुकानात, एक घरी, एक मावशीकडे. मावशी विचारते, "अरे, याला पाणीबिणी घालायचं का?"

बाबांचा अजून यातल्या कशावरच भरवसा नाही. त्यांचा जीव अडकलाय कागदाच्या पट्टीत. आठवतं ना, एका पडद्याची नक्षी म्हणजे मुठीएवढी गुंडाळी, आणि तिच्यावर भोकंच भोकं. कुठे टाका घालायचा, कुठे रंग बदलायचा, सगळं त्या भोकांत. पट्टी फाटली की बाबा चिकटपट्टी लावून सुईने भोकं पाडायचे आणि उजेडासमोर धरून आपल्याला दाखवायचे, "इथे पान संपलं बघा." पहिली फ्लॉपी आली तेव्हा उलटीपालटी करून म्हणाले, "भोकं कुठायत? दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा?" तू हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होतीस. परवा एक गिऱ्हाईक सांगत होतं की हल्ली सगळं दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. बाबांनी विचारलं, "कोणाच्या घरी?"

सगळ्यात शेवटी उरला तुझा डबा. झाकणावर घोडा असलेला, बिस्किटांचा. तू केलेली सगळी डिझाइनं, लेबलांवर तुझं मुंगीएवढं अक्षर. मी एकेक डिस्क मशीनमध्ये घातली आणि मशीन प्रत्येकीला एकच म्हणालं: 'डिस्क कोरी आहे. नव्याने तयार करू का?'

तू गेल्यावर बाबांनाही ते हेच म्हणालं होतं. त्या भांडणाबद्दल मी फारसं लिहीत नाही. बाबा गिऱ्हाइकासमोर बोलून गेले, "पुढे दुकान पोरगाच बघणार," तेव्हा मी नववीत होतो आणि मला सरळ रेघ मारता येत नव्हती. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, मशीनलासुद्धा माहीत होतं. तू स्वतःच्या कमाईचा कॉम्प्युटर उचललास आणि गेलीस. माझी शाळा सुटली ती तेव्हाच. पुढच्याच आठवड्यात मशीनमधला फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह बिघडला म्हणून बाबांनी दुसऱ्याच कोणाकडून नवा बसवून घेतला, तुझ्या डिस्क घालून पाहिल्या आणि खाली बसले. "सगळं पुसून गेली," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आपल्या घरात तेच खरं धरलं जातं. आईने तुला विचारलं तर तू म्हणालीस, "त्यांना वाटतंय ना, वाटू दे." अगदी त्यांचीच लेक.

नवी पेटी बसवायला थांबाकाका आले होते. ते मशीन दुरुस्तीवाले, प्रत्येक वाक्याआधी "थांबा" म्हणणारे. इतकी वर्षं ते दुसऱ्या गावातल्या कारखान्यात होते. मी त्यांना सहज डबा दाखवला. म्हणाले, "थांबा, थांबा. या पोरीच्या डिस्क ना? तिच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह पहिल्यापासून वाकडा. रेघेवर लिहायचं सोडून रेघेच्या बाजूला लिहायचा. मग मी तुमच्या मशीनचा ड्राइव्हही तेवढाच वाकडा करून दिला होता. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला दिसायचं. नवा सरळ ड्राइव्ह बसवल्यावर त्याला काय कप्पाळ दिसणार?"

ताई, मी तडक शोधायला लागलो. बाबा काही टाकून देत नाहीत, तेव्हा जुना ड्राइव्ह भंगाराच्या खोक्यात सापडला. थांबाकाकांनी तो जोडून दिला. मशीनच्या पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या, मग एक वेल उलगडायला लागली. एक पान, दुसरं पान, तिसऱ्याचं देठ, आणि तेवढ्यात आतून खर्र आवाज. डिस्क बाहेर काढली तर तिच्यावर गोल ओरखडा. ती वेल कायमची गेली आणि ड्राइव्हही गेला. आता या डिस्क वाचू शकेल असा एकच ड्राइव्ह उरलाय: तुझ्या कॉम्प्युटरमधला, तोही वाकडा आहे तोवरच. बाकीच्यांना मी हात लावलेला नाही. डबा मशीनपासून, स्पीकरपासून, कात्र्या लावायच्या लोहचुंबकापासून लांब ठेवलाय, आणि तरी उठून उठून बघून येतो.

बाबा माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. प्रत्येक पानाच्या टोकाला तू एक टाका उलटा फिरवायचीस, दोरा सुटू नये म्हणून. बाबा पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "हा टाका तिचा आहे." मग माझ्या डोक्यात आलं: एकेका फ्लॉपीसाठी ते भंगारवाल्याच्या विनवण्या करत होते, तेव्हा घरातच डबाभर 'कोऱ्या' फ्लॉपी पडून होत्या. मशीन विचारायचं, तयार करू का? त्यांनी एकदाही 'हो' दाबलेलं नाही.

पत्र लिहायला बाबांनीच सांगितलंय. आधी म्हणाले, "तो ड्राइव्ह पाठव म्हणावं." मी कागद घेतला तर म्हणाले, "पार्सलने नको. आपटतात. जरा हलला तर संपलं. मांडीवर घेऊन आणायला हवा." मी म्हटलं, मी जाऊन आणतो. तर माझ्यावरच खेकसले, "तुला काय कळतं त्यातलं? ज्याचं आहे त्याने आणावं." मी धीर करून म्हणालो की मशीन मी चालवीन, पण डिझाइनं तिची, आणि दुकानही तिचं तेवढंच. आज सकाळी बघतो तर तुझ्या कोपऱ्यातल्या टेबलावरची दोऱ्याची रिळं हलवलेली, टेबल पुसलेलं, आणि बाबा गुडघ्यांवर बसून तिथल्या प्लगमध्ये दिवा लावून बघतायत, लागतो का. कॉम्प्युटर असेल तर एका शब्दात कळव. नसेल तरी ये. फक्त तसं असेल तर मला आधी सांग, म्हणजे बाबांना कसं सांगायचं ते ठरवायला मला थोडा वेळ मिळेल.

तुझाच,
गोगलगाय