पाच हात वाट, कोणाच्या हाताने

आज सकाळी मोजणीदार शालिग्राम खरात यांनी नव्या मीटरच्या फितीने माझा उजवा हात मोजला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकोणपन्नास सेंटिमीटर भरला. अर्धांगवायूने हा हात पडून आहे. शालिग्रामने तो खाटेवर सरळ करून धरला. थोरला मुलगा भगवान जवळ उभा होता. "बावा, लुळ्या हाताचं काय माप घेता?" तो म्हणाला. शालिग्रामने फीत सोडली नाही. "हात लुळा झाला हो, हाड नाही."

म्हणून मी रंगराव कडूबा राऊत, वय एकाहत्तर, धंदा बागायती, राहणार मौजे सावरखेड, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

राहते घर भगवानला. माझी मयत बायको मंजुळाबाई हिची तांब्याची घागर आणि पोस्टातली शिल्लक मुलगी विमल हिला. टिकाव, पहारी आणि मोटेचा नाडा दोन्ही घरांनी वापरावा. नाडा उन्हात टाकू नये.

विहीर सामाईक. चुलत भाऊ उकंडराव ती सहा परस खोल सांगतो, मी पाच. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, आणि उकंडराव मुळातच बुटका. हा वाद मी आता सोडतो. त्याला हवा तर त्याने एकट्याने चालवावा.

आता वाट. धाकटा मुलगा वारल्यावर सून शालूबाई हिला मी विहिरीपलीकडचा मळा दिला, आणि भगवानच्या वाटणीतून सडकेपर्यंत पाच हात रुंद गाडीवाट. लेखात 'पाच हात' एवढेच आहे. आमच्याकडे देणाऱ्याच्या हाताने मोजतात. ते कोणी लिहीत नाही. माझ्या वडिलांनी मला तसेच मोजून दिले होते. मापाच्या दिवशी मी दवाखान्यात होतो. भगवान तिला म्हणाला, "शालूबाई, वाट तुही, त हात बी तुहाच लाव." तिला तो मान वाटला. "लावते, भावजी," म्हणून तिने नाल्यापासून पाच हात टाकले, आणि भगवानने तिथे दगडी बांध रचला.

तिचा हात एक्केचाळीस सेंटिमीटर. पाच हातांत चाळीस सेंटिमीटर वाट गेली. रिकामी गाडी कशीबशी निघते. वांग्यांच्या पाट्यांनी भरलेली बांधाला अडते. तेव्हापासून ती पाट्या डोक्यावर सडकेला नेते. "मामंजी, मानेनं किती दिस ओढू? मळा भावजीले बटईनं देते न् माहेरी संग्रामपूरले जाते," असे ती मला म्हणाली. मळा भगवानकडे जावा म्हणून मी तो तिला दिला नव्हता.

सबब, वाट माझ्या हाताने पाच हात, म्हणजे दोन मीटर पंचेचाळीस सेंटिमीटर समजावी. यापुढे तिथे कोणी कोणाचा हात लावू नये, फीत लावावी. बांध मागे घेतला नाही तर घराचा अर्धा हिस्सा शालूबाईचा.

मी सांगितले म्हणून शालिग्रामने भगवानचाही हात मोजला. एकोणपन्नासच भरला. भगवान फितीकडे पाहत राहिला. बांध रचताना हा हात त्याच्याजवळच होता.

उद्या सकाळी शालिग्राम नाल्यावर जाणार आहे. फितीचे दुसरे टोक भगवानने धरावे. परवा बाजार आहे. शालूबाईने गाडी भरावी, बैल भगवानने जुंपून द्यावेत. वांगी तोडायला तिने बायका सांगितल्या आहेत.

मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

डाव्या हाताचा अंगठा : रंगराव कडूबा राऊत

साक्षीदार :
१. उकंडराव तुळशीराम राऊत (विहिरीचा मजकूर सोडून)
२. शालिग्राम खरात, मोजणीदार

लिहिणार : इंद्रभान देशमुख, मेहकर

मौजे सावरखेड, दिनांक १२ मार्च १९६३

समक्ष : भगवान रंगराव राऊत. याची सही लागत नव्हती. त्याने टाक मागून घेऊन केली.