दक्षिणेकडे तोंड केलेल्या प्लेटा

मी, प्रेमला शामकांत देवचके, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे धामणवाडी, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. बुद्धी शाबूत आहे, आवाजही. कोणाचे दडपण माझ्यावर आजवर चालले नाही, आजही नाही.

१. राहते घर, अंगण आणि गच्चीवरच्या सोलरच्या प्लेटा बॅटरीसह माझी मुलगी ईरा हिला. पहिली अट : प्लेटांचे तोंड दक्षिणेकडेच राहील. माझे दीर रंगनाथ चारचौघांत म्हणाले आहेत, "वहिनी गेल्या की आधी त्या प्लेटा फिरवतो." म्हणून कारण लिहून ठेवते.

दक्षिण ही यमाची दिशा. प्लेटा बसल्या तेव्हा शेजारची गोजरबाई रस्त्यातून ओरडली, "मास्तरीणबाई, तिकडं पाय करून कुनी झोपत न्हाई, तुमी तर अख्खं छप्पर तिकडं केलंय!" मी पारावर उभी राहून सांगितले, की आपल्याकडे सूर्य वर्षाचा बहुतेक काळ दक्षिणेच्या अंगाने चालतो, जिकडे तो, तिकडे प्लेट. गाव हसले. त्याच वर्षी माझे पती हृदयविकाराने गेले, आणि गाव हसायचे थांबून मला टाळू लागले. तेराव्याला भावजींनी प्लेटा पूर्वेला फिरवून घेतल्या. मग दुपार कलली की चार्जिंग बंद, दिवेलागणीला अंधार. मी बन्सी वायरमनला बोलावून त्या पुन्हा दक्षिणेला केल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी गावची लाईट गेली आणि गोजरबाईला दम्याची धाप लागली. तिचे वाफेचे मशीन बंद. सुनेचा खांदा धरून ती माझ्या दारात आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "यमाची आसली तरी चालंल. लाव बाई."

मशीन सुरू झाले. सूर्य केव्हाच मावळला होता. कोट्यवधी मैलांवरून आलेले दुपारचे ऊन माझ्या गच्चीवर उतरले, तारेतून खाली आले, बॅटरीत थांबले, आणि आता एका म्हातारीच्या छातीत श्वास होऊन वरखाली होत होते. मी हात जोडले. कोणापुढे, ते अजून ठरलेले नाही.

२. त्या संध्याकाळनंतर गोजरबाईच्या मशीनसाठी माझ्या घरातून तिच्या घरात ओढून दिलेली तार ती असेपर्यंत कोणी तोडू नये. तार तोडली किंवा प्लेटा फिरवल्या, तर घर गावच्या वाचनालयाचे. गोजरबाईला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. जिला लाभ, तिची साक्ष नको, असे वकील म्हणाले. "मंग सगळं बघितलं कुनी?" असे तिने त्यांना विचारले.

३. पुस्तके वाचनालयाला. समासातली माझी भांडणे कोणी खोडू नयेत.

४. होकायंत्र रंगनाथ भावजींना. दक्षिण कुठे आहे ते त्यांना नीट कळावे. जायचे सगळ्यांनाच आहे.

५. मेलेल्याचे पाय दक्षिणेकडे करतात. ही एक रूढी मी आनंदाने पाळीन. मात्र मला दिवसा, अंगणात, तोंडावरचे कापड काढून ठेवावे. प्लेटांवर पडते ते ऊन थोडा वेळ माझ्यावरही पडू दे. आणि तेवढ्यात गोजरबाईला धाप लागली, तर आधी तिचे मशीन लावावे. मग मला उचलावे.

स्वाक्षरी : प्रेमला शामकांत देवचके

साक्षीदार :
१. बन्सी सखाराम डोके, वायरमन
२. मरिया याकोब साळवे, परिचारिका

धामणवाडी, २२ डिसेंबर २०२५